सहा फुटी रीफ टँकसाठी एलईडी दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. खालची सगळी गणितं ६ × २ × २ फुटांच्या टँकवर मांडली आहेत. म्हणजे १८३ × ६१ × ६१ सेंटिमीटर. काठोकाठ भरला तर सुमारे ६८० लिटर. रेती, खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ५५० ते ६०० लिटर. चार फुटी टँकसाठी दिव्यांची संख्या कमी होईल, आठ फुटीसाठी वाढेल, हिशोबाची पद्धत तीच राहील.

माझ्या सहा फुटी टँकला किती वॉटचे दिवे लागतील?

दुकानदार पहिल्यांदा वॉटच सांगतो, पण हिशोबात वॉट सगळ्यात शेवटी येतात. आधी कोणते कोरल ठेवायचे ते ठरवा. त्यावरून पाण्यात किती प्रकाश हवा तो आकडा निघतो, मग तो प्रकाश दोन फूट रुंदी आणि सहा फूट लांबीवर कसा पसरायचा ते ठरतं, आणि त्यानंतर वॉट. तरीही अंदाज हवाच असेल तर: फक्त मऊ कोरल असतील तर एकूण २०० ते २५० वॉट, मिश्र टँकला ३०० ते ४००, आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या एसपीएस (बारीक पॉलिपच्या कठीण) कोरलनी भरलेल्या टँकला ५०० ते ६५०. हे चांगल्या दर्जाच्या रीफ दिव्यांचे आकडे आहेत आणि प्रत्यक्ष ओढल्या जाणाऱ्या विजेचे आहेत, खोक्यावर छापलेले नव्हेत.

‘लिटरमागे इतके वॉट’ हा नियम ट्यूबलाइटच्या काळातला आहे. तेव्हा सगळ्या नळ्या साधारण सारख्याच कार्यक्षम होत्या आणि टँकच्या लांबीभर पसरलेल्या असत. एलईडीत दोन दिवे सारखीच वीज ओढून, भिंग वेगळं असल्यामुळे, पाण्यात अगदी वेगळा प्रकाश टाकतात.

भारतात हे सगळे कोरल ठेवता येतात का?

नाही, आणि दिवे घेण्याआधी हे माहीत असणं गरजेचं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळे कठीण, खडक बांधणारे कोरल येतात. त्याचबरोबर काळे कोरल, समुद्रपंखे, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरलही. ‘एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कोरल) म्हणजे मऊ’ असा एक गैरसमज बाजारात फिरतो. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन, अ‍ॅकान, ब्रेन, मॉन्टिपोरा हे सगळे कठीण कोरलच आहेत, त्यांचा सांगाडा चुनखडीचा असतो. दुकानात उघड मिळतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत. किनाऱ्यावरून ‘लाइव्ह रॉक’ (सूक्ष्मजीव वसलेले समुद्रातले दगड) उचलणंही याच कचाट्यात येतं, कारण त्यातले बरेच दगड म्हणजे जुन्या कोरलचे सांगाडे असतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. तिथून तर काहीच उचलायचं नाही.

मग भारतातल्या टँकमध्ये राहतात मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया यांसारखे मऊ प्रकार. यांना मध्यम प्रकाश पुरतो. म्हणजे पुण्या-मुंबईत सहाशे वॉटचे दिवे घेणं हा बहुतेक वेळा पैशाचा आणि झोअँथिडचा नाश असतो. एसपीएस आणि एलपीएसबद्दलचे खालचे आकडे दुबई, न्यू जर्सी, म्युनिक अशा ठिकाणी, स्थानिक कायद्यात बसवून पैदास केलेले फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) घेणाऱ्या वाचकांसाठी आहेत.

पीएआर म्हणजे काय आणि कोणाला किती लागतो?

कोरलच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल ज्या तरंगलांबीचा प्रकाश वापरतं, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्यातले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात त्याचं माप म्हणजे पीएआर. एकक मायक्रोमोल. कोरलला जागा देताना साधारण असे आकडे धरा:

मशरूम ४० ते ८०, अ‍ॅकान आणि तत्सम मांसल एलपीएस ५० ते १००, झोअँथिड ७० ते १५०, लेदर ८० ते १५०, टॉर्च-हॅमर ८० ते १५०, मॉन्टिपोरा १५० ते २५०, अ‍ॅक्रोपोरा २०० ते ३५०.

वरची मर्यादा महत्त्वाची आहे. एका टप्प्यानंतर शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता भरते. त्यापुढचा प्रकाश अन्न तयार करत नाही, उलट पेशीत घातक ऑक्सिजन रेणू वाढवतो आणि कोरल शैवालाला बाहेर टाकायला लागतं. ४०० पीएआरवर उत्तम दिसणाऱ्या अ‍ॅक्रोपोराचे फोटो खरे असतात, पण तो कोरल तिथे हळूहळू आणलेला असतो आणि त्या टँकमधलं नायट्रेट, फॉस्फेट, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल निष्प्रभ करण्याची ताकद) स्थिर असते.

दिवसभराचा एकूण प्रकाशही पाहावा. २५० पीएआर नऊ तास म्हणजे दिवसाला ८.१ मोल प्रति चौरस मीटर. २०० पीएआर सव्वाअकरा तास दिला तरी तेवढाच होतो. त्यामुळे दिवे थोडे कमी ताकदीचे निघाले तर लगेच नवे घ्यायला नकोत. तास वाढवून काही अंतर भरून काढता येतं.

एक-दोन मोठे दिवे घ्यावेत की जास्त छोटे?

सहा फुटी टँकमध्ये जास्त. इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात.

एलईडीचे बहुतेक दिवे म्हणजे तळहाताएवढ्या जागेत ठासलेले दाणे आणि त्यांच्यावर भिंग. अशा एका दिव्याच्या बरोबर खाली ४५० पीएआर आणि त्याच खोलीवर दीड फूट बाजूला ९० असे आकडे सहज मिळतात. जाहिरातीत ४५० छापला जातो. कोरल मात्र दोन्ही ठिकाणी असतात. शिवाय प्रकाश एकाच बिंदूतून येत असल्यामुळे सावल्या कडक पडतात. अ‍ॅक्रोपोराची वसाहत वाढली की तिच्याच फांद्या खालच्या भागावर छाया धरतात आणि तिथली ऊती बुडापासून पांढरी पडत जाते. लोक पाण्याच्या चाचण्या करत बसतात. पाणी निर्दोष असतं.

म्हणून ६१ सेंटिमीटर रुंद टँकला दर ४५ ते ६० सेंटिमीटर लांबीमागे एक दिवा धरा. सहा फुटांना रेडिऑन एक्सआर३० किंवा हायड्रा ६४ सारखे मोठे दिवे तीन, आणि त्यांच्याच छोट्या आवृत्त्या असतील तर चार. बजेट ठरलेलं असेल तर दोन मोठे शंभर टक्क्यांवर चालवण्यापेक्षा चार छोटे साठ टक्क्यांवर चालवणं केव्हाही बरं. पंखे कमी फिरतात, दाणे थंड राहतात, आणि एक दिवा बंद पडला तरी पाऊण टँकवर उजेड राहतो.

दिवे घेण्याआधी टँकच्या वरच्या काचपट्ट्या बघा. सहा फुटी टँकला बहुधा मधोमध एक आडवी पट्टी असते. तीन दिवे सारख्या अंतरावर लावले की मधला नेमका त्या पट्टीवर येतो. पट्टीवर मीठ आणि शेवाळ जमतं, त्याची सावली टँकच्या मध्यावर पडते, म्हणजे जिथे लोक सगळ्यात महागडा कोरल ठेवतात तिथे. मध्ये एकच पट्टी असेल तर दोन किंवा चार दिवे. दोन पट्ट्या असतील तर तीन दिवे नीट बसतात.

टी५ (बारीक ट्यूबलाइटच्या) नळ्यांबरोबर एलईडी जोडून लावावेत का?

एसपीएस टँकसाठी हा आजही फार चांगला जोड आहे. नळी लांबीभर पसरलेली असल्यामुळे सावल्या मऊ होतात आणि एलईडीचा शिखर आकडा कमी ठेवता येतो. अडचण नळ्यांची: वर्षाभरात त्या उतरतात, आणि बऱ्याच ठिकाणी आता त्या मिळणंच कठीण होत चाललं आहे. नळ्यांची खात्री नसेल तर तेच काम एलईडी पट्ट्या करतात. मुख्य दिव्यांच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन निळ्या पट्ट्या, प्रत्येकी चार-पाच फूट लांब.

दिवे पाण्यापासून किती वर टांगायचे?

भिंगाचा कोन बघून ठरवा. ९० अंशांचं भिंग असेल तर पाण्यावर पडणाऱ्या वर्तुळाचा व्यास उंचीच्या दुप्पट होतो. म्हणजे ६१ सेंटिमीटर रुंदी भरायला दिवा सुमारे ३० सेंटिमीटर वर हवा. १२० अंशांच्या भिंगाला १८ सेंटिमीटर पुरतात. त्याहून वर नेलं तर प्रकाश टँकबाहेर भिंतीवर आणि सोफ्यावर बसलेल्यांच्या डोळ्यांत जातो. व्यवहारात बहुतेक दिवे २० ते ३० सेंटिमीटरमध्ये स्थिरावतात.

पाण्यात शिरताना किरण आतल्या बाजूला वळतात आणि स्वच्छ काचेवर आपटून परत पाण्यात येतात. शिवाय दोन फूट स्वच्छ पाणी स्वतः फारसा प्रकाश खात नाही. खोलीबरोबर जी घट दिसते ती मुख्यतः प्रकाश पसरल्यामुळे. मागची काच काळी रंगवलेली असेल किंवा जांभळ्या कोरलाइन शेवाळानं भरली असेल तर तिथून प्रकाश परतत नाही. मागच्या रांगेतले आकडे पुढच्या रांगेपेक्षा कमी येतात ते यामुळे. दिव्यांची रांग मध्यरेषेच्या पाच-सात सेंटिमीटर मागे सरकवली की फरक बराच मिटतो.

टांगणी स्लॅबला हवी. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये स्क्रू मारून दिवे लटकवू नयेत. छिद्र पाडून केबल वर न्यायची आणि स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकायचा. स्लॅबला हात लावायचा नसेल तर कॅबिनेटच्या मागून वर येणारी, अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमच्या ४० × ४० मिलिमीटर सेक्शनची कमान करून घ्या. साधं लोखंड कितीही रंगवलं तरी खाऱ्या हवेत गंजतं आणि त्याचे पापुद्रे टँकमध्ये पडतात.

निळा, पांढरा, लाल, हिरवा: कोणता किती ठेवायचा?

कामाचा भाग निळ्यात आहे. शैवालातलं हरितद्रव्य ४३० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास जोरात प्रकाश घेतं. ४४० ते ४६० चा रॉयल ब्लू हा म्हणून पाया. ४०० ते ४३० चा जांभळा आणि ४७० ते ४८० चा निळा यांनी तो रुंद होतो. कोरलमधली चमकणारी प्रथिनंही याच पट्ट्यात चेतवली जातात, त्यामुळे हिरवे आणि केशरी रंग निळ्या उजेडात पेटल्यासारखे दिसतात.

पांढरा वाढीसाठी कमी आणि डोळ्यांसाठी जास्त. पण पूर्ण बंद करू नका. काही कोरलचे गडद निळे-जांभळे रंग चमकणाऱ्या प्रथिनांचे नसतात, ते परावर्तित प्रकाशातच दिसतात. निव्वळ निळ्यात असा कोरल काळपट वाटतो आणि तो फिकट पडतोय हेही कळत नाही. सुरुवातीला निळे-जांभळे चॅनेल (वेगळे कमी-जास्त करता येणारे रंग) शंभराच्या प्रमाणात धरले तर पांढरा २० ते ४०, लाल आणि हिरवा ५ पर्यंत. लाल-हिरव्याला यापेक्षा वर नेण्यात फायदा नाही.

चॅनेल रोज हलवू नका. मोबाइलवर पट्टी सरकवणं सोपं असलं तरी कोरलला प्रत्येक बदल जुळवून घ्यायला आठवडे लागतात.

मोबाइल अ‍ॅपनं किंवा लक्समीटरनं पीएआर मोजता येतो का?

रीफच्या निळ्या उजेडात नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि त्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे हिरवट पिवळ्याला सर्वाधिक असते. सूर्यप्रकाशात लक्सला ५४ नं भागून पीएआरचा अंदाज येतो. तोच भागाकार रॉयल ब्लूवर केला तर आकडा प्रत्यक्षापेक्षा खूपच कमी येतो. मग लोक दिवे वाढवतात आणि कोरल भाजतात.

पाण्यात चालणारं क्वांटम मीटर हवं. अपोजीचं एमक्यू-५१० यासाठी सर्रास वापरलं जातं, कारण ते निळा बरोबर पकडतं आणि पाण्यात बुडवल्यामुळे येणारा फरक स्वतःच दुरुस्त करून दाखवतं. त्याच कंपनीची जुनी एमक्यू-२०० मालिका निळ्यात कमी आकडा दाखवते आणि पाण्यातल्या आकड्याला १.०८ नं गुणावं लागतं. मीटर महाग आहे आणि वर्षातून दोनदाच लागतं. चार-पाच जणांत मिळून घ्यावं किंवा भाड्यानं आणावं.

मोजण्याची पद्धत:

१. दिवे सुरू करून वीस मिनिटं तापू द्या. गरम झाल्यावर एलईडीचा उजेड थोडा उतरतो, खरा आकडा तोच.
२. पंप चालू ठेवा. पृष्ठभाग हलत असल्यामुळे आकडा नाचतो. दहा-पंधरा सेकंदांची सरासरी घ्या.
३. लांबीवर ३०, ६०, ९०, १२० आणि १५० सेंटिमीटरला, आणि रुंदीवर पुढे, मध्ये, मागे अशा १५ जागा धरा. प्रत्येक जागी दोन खोल्या: पाण्याखाली २० सेंटिमीटर आणि रेतीच्या जरा वर. एकूण ३० आकडे.
४. सेन्सरचं तोंड सरळ वर. तो जरा कलला तरी आकडा बराच बदलतो. हात आणि डोकं दिव्याखाली आणू नका.
५. कागदावर टँकचा आराखडा काढून आकडे त्यावर लिहा आणि चॅनेलची टक्केवारी, दिव्याची उंची, तारीख नोंदवा.

एकाच खोलीवरचा सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या अडीचपटीच्या आत असेल तर मांडणी चांगली आहे. चौपट-पाचपट फरक असेल तर दिवे वर घ्या किंवा त्यांच्यातलं अंतर बदला. टक्केवारी वाढवून तो फरक जात नाही.

नवे दिवे लावल्यावर कोरल पांढरे पडू नयेत म्हणून काय करायचं?

जुने दिवे काढण्याआधी त्यांचा पीएआर मोजून ठेवा. नवे दिवे त्याच आकड्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर सुरू करा आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवा. बहुतेक चांगल्या दिव्यांत ‘अ‍ॅक्लिमेशन’ची, म्हणजे उजेड आपोआप हळूहळू वाढवण्याची, सोय असते, चार ते आठ आठवडे मुदत घालून ती लावून टाकावी. नवीन फ्रॅग आला तर सगळा टँक मंद करायची गरज नाही, त्याला रेतीवर ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं वर आणा.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या टँकचं पाणी हळूहळू पिवळसर होतं, आणि पिवळं पाणी नेमका निळा प्रकाश खातं. सहा महिन्यांनी अचानक भरपूर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाकला की दोन दिवसांत पाणी काचेसारखं होतं आणि दिव्याला हातही न लावता कोरलवरचा प्रकाश वाढतो. कार्बन नेमानं, थोडाथोडा वापरावा. पहिल्यांदाच टाकत असाल तर दिवे आठवडाभर १०-१५ टक्के खाली ठेवा.

कोरल फिकट पडतोय. उजेड जास्त झाला की कमी?

जागा बघा. जास्त प्रकाशाचं फिकेपण वरच्या, दिव्याकडच्या बाजूनं सुरू होतं. फांदीच्या सावलीतला भाग रंग धरून असतो. मशरूम कडा वर वळवून वाटीसारखं होतं, झोअँथिड दिवसा मिटून राहतात. कमी प्रकाशात कोरल सहसा फिकट होत नाही, तपकिरी होतो, कारण तो आत शैवाल वाढवतो. झोअँथिडचे देठ उंच लांबट होतात, माना ताणून दिव्याकडे बघितल्यासारखे.

सगळाच कोरल एकसारखा फिका असेल तर दिव्याआधी नायट्रेट आणि फॉस्फेट तपासा. दोन्ही शून्यावर असतील तर दोष उपासमारीचा आहे. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या दरम्यान असू द्या. जोरदार दिवे आणि शून्य पोषण ही रीफमधली सगळ्यात वाईट जोडी. आणि दिवे वाढवले की कठीण कोरल अल्कलिनिटी जास्त ओढतात; त्या आठवड्यांत ती एक दिवसाआड मोजा.

उजेडच जास्त झाला आहे हे ठरलं तर टक्केवारी एकदम तीस-चाळीसनं खाली आणा आणि मग वाट बघा. रंग परतायला महिने लागतात, म्हणून रोज जागा बदलत राहू नका.

दिवे किती तास आणि कोणत्या वेळी?

एकूण दहा ते बारा तास, त्यातले सात-आठ तास पूर्ण ताकदीवर. कामावरून संध्याकाळी परतणाऱ्यांनी वेळापत्रक पुढे सरकवावं. कोरलला घड्याळ कळत नाही, रोजचा नेम कळतो. उदाहरणार्थ दुपारी १२ ला निळा सुरू, २ पर्यंत चढ, ९ पर्यंत पूर्ण, १०:३० पर्यंत उतार, ११ ला बंद.

‘मूनलाइट’ तासभर हौसेपुरती ठेवा. रात्रभर निळी मंद बत्ती चालू ठेवू नये, टँकला पूर्ण अंधार लागतो.

नवे दिवे लावल्यापासून शेवाळ फार वाढलं. दिवे परत करू का?

नको. पोषण आधीच पाण्यात होतं, त्याला उजेड मिळाला एवढंच. पांढरा आणि लाल कमी करा, तास आठवर आणा, मांसाहारी मासे असतील तर खाणं मोजून द्या, काच आणि खडक घासून शेवाळ हातानं काढा. ज्या टँकला सहाच महिने झालेत तिथे थोडं शेवाळ येणारच.

वायरिंग कशी असावी?

खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं, त्यामुळे इथे काटकसर नको. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) आणि पक्कं आर्थिंग या दोन गोष्टी नसतील तर टँक भरूच नका. शक्य असेल तर वायरमनकडून दिव्यांना आणि पंपांना वेगवेगळे आरसीबीओ (गळती आणि जादा भार दोन्हींवर तुटणारे ब्रेकर) लावून घ्या. दिव्यावर पाणी उडून ट्रिप झालं तर दिवेच जातील, पंप चालू राहतील. घरभर एकच आरसीसीबी असेल आणि तुम्ही बाहेरगावी असाल तर एका ओल्या अ‍ॅडॅप्टरमुळे सगळा टँक थांबतो.

प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे ओघळ खालीच टपकेल. अ‍ॅडॅप्टर कॅबिनेटच्या तळाशी, संपच्या (खालच्या फिल्टर टाकीच्या) बाजूला ठेवू नयेत. बाहेर, हवेशीर, जमिनीपासून वर. चार दिव्यांचे ४०० वॉट २३० व्होल्टवर जेमतेम पावणेदोन अँपिअर होतात, ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला हा भार जड नाही. पण सगळे अ‍ॅडॅप्टर एकाच स्मार्ट प्लगवरून चालू-बंद करू नका. सुरू होताना क्षणभर ते कितीतरी जास्त करंट ओढतात, त्यानं आतल्या रिलेचे संपर्क चिकटतात आणि प्लग कायम ‘चालू’ राहतो. चालू-बंद दिव्याच्या स्वतःच्या वेळापत्रकावर सोडा.

लोडशेडिंगसाठी दिवे इन्व्हर्टरवर घ्यावेत का?

नाही. दोन-तीन दिवस अंधारात निरोगी कोरलला काही होत नाही. पाणी हलायचं थांबलं तर काही तासांत प्राणवायू संपतो. इन्व्हर्टर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) आणि संपमधून पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पंपासाठी, आणि तोही साइन वेव्ह.

एलईडी थंड असतात म्हणे. मग चिलर टाळता येईल का?

जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांपेक्षा पाण्याला उष्णता कमी मिळते, कारण एलईडीची बरीचशी उष्णता वरच्या हीटसिंकमधून खोलीत जाते. पण ४०० वॉट अखेर त्याच खोलीत मुरतात. एप्रिल-मे महिन्यात कोकणात, मुंबईत किंवा आखाती देशांत, एसी नसलेल्या खोलीत, पाणी २६ अंशांच्या आसपास ठेवायला चिलर लागतोच. दिव्यांवर बंद झाकण घालू नका. हीटसिंकच्या वर निदान १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी.

विजेचं म्हणाल तर ४०० वॉटचे दिवे दिवसाचे दहा तास, सरासरी साठ टक्क्यांवर चालले तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. बिलात जो आकडा दुखतो तो चिलरचा असतो.

स्वस्त ‘१६५ वॉट’चा, काळ्या डब्यासारखा दिवा घेतला तर चालतो का?

मऊ कोरलसाठी चालतो. त्या नावाचा अर्थ समजून घ्या: आत तीन वॉट क्षमतेचे ५५ दाणे असतात, म्हणून १६५. ते पूर्ण ताकदीवर चालवलेच जात नाहीत. प्लगमध्ये वॉटमीटर लावलं तर सहसा ११० ते १३० दिसतात. भिंग बहुधा ९० अंशांचं, त्यामुळे मध्यभागी झोत तीव्र. सहा फुटांना असे तीन घ्या, ३० ते ४० सेंटिमीटर वर टांगा, निळा ५० आणि पांढरा १०-१५ टक्क्यांवर सुरू करा. यांत पहिला बिघाड पंख्यात होतो, दाण्यात नव्हे. पंखा अडकला की दिवा तापून स्वतः मंद होत नाही, तसाच जळतो. पंखे साध्या मापाचे असतात, दोन जादा आणून ठेवा. आणि आर्थिंगची पिन बॉडीला खरंच जोडलेली आहे का, हे मल्टिमीटरनं एकदा बघून घ्या.

फ्लडलाइट किंवा झाडांसाठीचे ‘ग्रो लाइट’ मात्र आणू नका. त्यांच्यात निळ्याचा वाटा रीफला पुरेल इतका नसतो.

परदेशातून आणलेला दिवा भारतात चालेल का?

अ‍ॅडॅप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर फक्त प्लग बदलावा लागेल. निव्वळ १२० व्होल्ट लिहिलं असेल तर लावू नका. वॉरंटी मात्र बहुधा त्या देशातच राहते.

एलईडी किती वर्षं टिकतात? वापरलेला दिवा घ्यावा का?

५०,००० तास हा नेहमीचा दावा, दिवसाला दहा तास धरले तर जवळपास पावणेचौदा वर्षं होतात. पण तो दाणा नीट थंड राहिला तर. घरातला दिवा त्याआधी पंखा, अ‍ॅडॅप्टर किंवा मिठानं खाल्लेल्या सर्किट बोर्डमुळे जातो. जांभळे दाणे निळ्यांच्या आधी उतरतात आणि त्यांच्यावरचं प्लॅस्टिकचं भिंग पिवळं पडतं. वापरलेला दिवा घेताना प्रत्येक चॅनेल एकेकटं लावून बघा, मेलेले दाणे मोजा, भिंग उजेडात धरा, पंख्याचा आवाज ऐका, आणि स्क्रूंच्या डोक्यावर हिरवट गंज आहे का ते पाहा. हिरवट गंज असेल तर किंमत कितीही उतरली तरी तो दिवा सोडून द्या.

भिंग कशानं पुसायचं?

बंद करून थंड होऊ द्या. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी लावलेलं मायक्रोफायबर कापड, आधी मीठ भिजवून सैल करायचं आणि मगच पुसायचं. कोरडं घासलं तर मिठाचे कण ओरखडे काढतात. काच पुसायचे अमोनियाचे फवारे टँकवर नकोत. दर पंधरा दिवसांनी पुसलं तर पुरे. चार महिने न पुसलेलं भिंग एकदम स्वच्छ केलंत तर त्या आठवड्यात टक्केवारी थोडी उतरवून ठेवा.